कातडीला कवाड नसते

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता घोडेगावापाशी सोडून शनिशिंगणापूरच्या वाटेला लागले, की उसाच्या मळ्यांच्या कडेने एकामागून एक दुकाने सुरू होतात, आणि त्यांच्या फळ्यांवर मांडलेल्या मालाचा रंग बहुतेक काळाच असतो. काळे उडीद, काळे तीळ, चिंध्यांच्या काळ्या बाहुल्या, घोड्याची नाल, तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, आणि लिंबू-मिरचीच्या जोडीला तारेत ओवलेला, बोटाच्या पेराएवढा, हृदयाच्या आकाराचा, चकचकीत काळा बिब्बा. महाराष्ट्रात दुकानांपुढे, रिक्षांपुढे, ट्रकांपुढे शनिवारी ही तार सर्रास लटकलेली दिसते. ती ओवणाऱ्या पोरांची बोटे मी नेहमी न्याहाळून पाहतो, कारण बिब्ब्याचा स्वभाव मला लहानपणापासून ठाऊक आहे.

नेवासे तालुक्यातील हे गाव अवघ्या देशाला माहीत आहे ते येथील घरांना परंपरेने दारे नाहीत म्हणून. चौकट आहे, कवाड नाही; फार तर कुत्रे-मांजर आत शिरू नये एवढ्यापुरती एखादी फळी उंबऱ्याशी टेकवलेली दिसते. २०११ साली युको बँकेने येथे शाखा उघडली तेव्हा तीही कुलपावाचून उघडली. येथील शनिदेवाच्या डोक्यावरही छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर, साडेपाच फुटांहून उंच अशी ती काळी शिळा ऊन, वारा आणि पाऊस अंगावर घेत उभी आहे, आणि पिढ्यान् पिढ्या तिच्यावर तेलाची धार धरली जात आहे.

या तेलाच्या बाबतीत अलीकडे एक महत्त्वाचा निर्णय झाला. भाविक जे तेल वाहतात त्यात भेसळ असते आणि त्या भेसळीने शिळेची झीज होते, असे ध्यानात आल्यावर १ मार्च २०२५ पासून अभिषेकास केवळ नामांकित कंपनीचे, शुद्ध खाद्य तेलच चालेल, असा बंदोबस्त देवस्थानाने केला आणि ग्रामसभेने त्यास संमती दिली. ही बातमी वाचली त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. ज्या तेलाने पाषाण झिजतो म्हणून आपण ते पाषाणावर घालण्याचे थांबवले, तसलेच स्वस्त तेल, तसलाच चीक, तसलीच मुळी आणि तसलेच फळ आपण आपल्या घरी, आपल्या लेकरांच्या अंगावर, कोणताही ठराव न करता बिनदिक्कत चोळीत असतो, आणि कोणी हरकत घेतलीच तर एकच उत्तर मिळते, जे मी नगर जिल्ह्यात लहानाचा मोठा होताना शेकडो वेळा ऐकले आहे: “पोटात थोडंच घेतलंय? वरून लावायला काय व्हतंय?”

या एका वाक्यावर विसंबून माझ्या आजीने आयुष्यभर औषधोपचार केले, आणि ती काही अडाणी बाई नव्हती. पायाला भेगा पडल्या, काटा मोडून आत राहिला, घोटा मुरगळला, की ती फडताळातील डब्यातून बिब्बा काढी, दाभणाला टोचून चिमणीच्या ज्योतीवर धरी, आणि त्यातून काळे, जाड तेल थेंबाथेंबाने ठिबकू लागले की नेमके भेगेत सोडी. तळपायाची कातडी जाड. तिथे ते बहुधा सोसून जाई. पण एका पावसाळ्यात माझ्या आतेभावाचा गुडघा सुजला, तेव्हा आजीने तोच बिब्बा त्याच्या गुडघ्याभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी लावला. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी थोडी खाज सुटली. तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर पाण्याने भरलेले फोड उठले, पाय मांडीपर्यंत लाल झाला, आणि मग जिथे बिब्बा लावलाच नव्हता तिथे, पापण्यांवर आणि ओठांवर, सूज चढली. ताप आला. लघवीला चहासारखा रंग आला. आजीने त्याला खोबरे आणि तीळ चघळायला दिले, अंगाला खोबरेल लावले आणि “बिब्बा उतलाय, उतरंल” असे सांगत दोन रात्री उशाशी बसून काढल्या. तो वाचला. गुडघ्यावरचे काळे डाग मात्र अजून आहेत, आणि आजी पुढे कित्येक वर्षे म्हणत असे, “म्या तर वरूनच लावला व्हता.”

‘बिब्बा उतणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आहे याचाच अर्थ असा, की ही आपत्ती आपल्या समाजाला नवी नाही. उतू जाणाऱ्या दुधासारखी कातडी उकळून वर येते, हे कोणीतरी फार पूर्वी पाहिले आणि त्याला नाव दिले. शास्त्राच्या भाषेत हे झाड सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम. आंबा आणि काजू हे त्याचे सगोत्र. कैरीच्या देठाच्या चिकाने ज्याचे ओठ उलले आहेत, किंवा काजूच्या टरफलातील तेलाने ज्या कोकणी बाईच्या बोटांची सालपटे निघाली आहेत, त्यांनी या कुळाची ओळख करून घेतलेलीच आहे. बिब्ब्याच्या टरफलात जे काळे तेल असते त्यात भिलावनॉल नावाच्या द्रव्यसमूहाचा अंश फार मोठा, आणि त्याची करणी दुहेरी: एकतर ते स्वतःच दाहक असल्यामुळे जागच्या जागी भाजते, आणि दुसरे, जे अधिक कपटी म्हणावे लागेल, ते कातडीच्या पेशींशी जडून शरीराच्या संरक्षक यंत्रणेला अशी काही चिथावणी देते, की पहिल्या खेपेस गप्प राहिलेले शरीर पुढच्या खेपेस, एक-दोन दिवसांच्या विलंबाने, आपल्याच कातडीवर तुटून पडते. या विलंबामुळेच कार्यकारणाचा धागा तुटतो. सोमवारी लावलेला बिब्बा बुधवारी उततो, आणि मधल्या मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर आळ येतो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना याच विलंबाने चक्रावून टाकले होते. त्यांच्या मानेवर, कमरेवर, ठरावीक जागी पुरळ उठे, आणि डॉक्टरांना कारण सापडेना. अखेर उमगले ते असे, की येथील धोबी कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बिब्ब्याच्या रसाने, वरून चुना लावून, गळपट्टीच्या आतल्या बाजूस खूण करीत, आणि कितीही धुतली तरी न जाणारी ती टिंबाएवढी खूण गोऱ्या कातडीला खाऊन काढी. १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकांत याची रीतसर नोंद झाली. खाणे नाही, पिणे नाही, जखम नाही. वाळलेल्या, धुतलेल्या कापडावरचा एक ठिपका, तोही पुरेसा झाला.

पोलीस दप्तराला तर बिब्बा शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. डॉ. जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १९२० साली प्रथम निघाला आणि पिढ्यान् पिढ्या भारतातील डॉक्टर, वकील आणि फौजदार तो वापरीत आले. त्यात बिब्ब्याची गणना दाहक वनस्पतिज विषांत आहे. बिब्ब्याचा रस लावून अंगावर खोटे वळ उठवायचे आणि “मला मारले” अशी फिर्याद गुदरायची, ही जुनी लबाडी. ती उघडकीस कशी येते, तर खऱ्या माराचे वळ रंग पालटीत जातात, खाजत नाहीत. बिब्ब्याचा डाग काळसर तपकिरी, कडेला बारीक फोड असलेला, हात पोहोचेल अशाच जागी असतो, आणि ज्याने तो लावला त्याच्या बोटांच्या टोकांवरही तसलेच फोड साक्षीला उभे असतात. विष अंगात भिनले तर लघवीला जळजळ होते, तिचा रंग तांबूस-तपकिरी होतो, हेही या शास्त्रात नमूद आहे. माझ्या आतेभावाच्या लघवीचा चहासारखा रंग हा काही योगायोग नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९७९ साली तर बिब्ब्याच्या झाडाचा रस अंगाला लागल्यानंतर मूत्रपिंडाचा बाह्य थर मृत झाल्याचे निदान वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अंगाला लागलेला रस मूत्रपिंडापर्यंत गेला. “वरून लावायला काय व्हतंय?” या प्रश्नाचे उत्तर इतके स्पष्ट क्वचितच मिळाले असेल.

येथे कोणी असे म्हणेल, की मग आयुर्वेदाने बिब्बा का सांगितला? सांगितला, आणि फार आदराने सांगितला. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात भल्लातकाचे अनेक कल्प आहेत. परंतु तीच संहिता त्याची तुलना अग्नीशी करते, आणि विधिपूर्वक योजला तरच तो अमृताच्या तोलाचा ठरतो असे बजावते. उत्तरकालीन ग्रंथांनी त्याला उपविषांत बसवले, त्याचे शोधन सांगितले: विटेच्या चुऱ्यात घोळून तेल शोषून घ्यायचे, मग धुवायचे, मग दूध किंवा नारळाचे पाणी यांचा संस्कार करायचा, कोणाला द्यायचा नाही, कोणत्या ऋतूत द्यायचा नाही, हेही सांगितले. सरकारनेही हे मानले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची इ(१) मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची जी यादी आहे तीत भल्लातक आहे, अर्क म्हणजे आपली रुई आहे, गुंज आहे, कण्हेर आहे. माझे म्हणणे शास्त्राविरुद्ध नाहीच. माझे म्हणणे असे आहे, की घरगुती उपचाराच्या रूपाने आपल्यापर्यंत जे आले ते शास्त्राचे अर्धे अंग. द्रव्य आले, विधी वाटेत गळून पडला. माझ्या आजीला बिब्बा ठाऊक होता आणि खोबऱ्या-तिळाचा उताराही ठाऊक होता. तिच्या नातसुनांना फक्त बिब्बा ठाऊक आहे, आणि तोही कोणीतरी सांगितलेला.

या निमित्ताने आणखी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. याच काळ्या, जळजळीत टरफलाच्या आत गोडंबी असते. बाळंतिणीच्या आणि हिवाळ्याच्या लाडवांत आपण जी हौसेने घालतो, तीच ही गोडंबी. ती आपोआप बाहेर येत नाही. कोणीतरी दगडावर बिब्बा ठेवून, हाताला तेल वा राख माखून, एकेक फोडून ती काढते, आणि तिच्या बोटांना, मनगटांना, उडालेल्या शिंतोड्यांनी गालांना डाग पडलेले असतात. लाडवाची चव घेताना त्या हातांचे स्मरण असावे.

रुईविषयी थोडक्यात सांगतो. मारुतीला आणि शनीला तिच्या पानांची माळ. सुजेला तिचे गरम पान. रुतलेला काटा वर यावा म्हणून तिचा पांढरा चीक. तो चीक हाताला लागून डोळ्यात गेला तर एक विचित्र प्रकार घडतो: फारसे दुखत नाही, पण काही तासांत दृष्टी धूसर होते, कारण चिकातील द्रव्ये बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या सर्वांत आतल्या नाजूक थरावर आघात करतात आणि पडद्याला सूज येते. वेळीच उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी परत येते. दुखत नाही म्हणून लोक दवाखान्यात उशिरा जातात, हे यातले खरे संकट. माळ गुंफणाऱ्याने हात धुतल्यावाचून डोळा चोळू नये, एवढे तरी प्रत्येक देवळापुढे लिहून ठेवायला हवे.

आता तेलाकडे वळू, कारण शिंगणापुरात विषय तेलाचाच आहे. नगर जिल्ह्यातील कोणत्याही पडीक रानात, रस्त्याच्या कडेला, पिवळ्या फुलांचे एक काटेरी झुडूप माजलेले असते. त्याला आपण पिवळा धोत्रा म्हणतो. ते मूळचे मेक्सिकोकडचे. त्याचे बी मोहरीशी इतके मिळतेजुळते, की चुकून किंवा लोभाने ते मोहरीत मिसळले तर ओळखणे कठीण. त्या बियांच्या तेलात सँग्विनरीन नावाचे विष असते. त्याने केशवाहिन्या सैल पडून रक्तातील पाणी झिरपू लागते, दोन्ही पाय सुजतात, धाप लागते, कोणाच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि कोणाचे हृदय थकते. साथीचा जलोदर या नावाने वैद्यकाला हा रोग १८७७ पासून, कलकत्त्याच्या नोंदीपासून, ठाऊक आहे. १९९८ साली दिल्लीत त्याची मोठी साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. हे सारे खाण्याने झाले, असे आपण म्हणू. परंतु १९८५ साली दिल्लीतील डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यातील रुग्णांच्या शरीरात हे विष शिरले होते ते दूषित मोहरीच्या तेलाने अंग चोळल्यामुळे. मालिशीचे तेल. ज्या तेलाने आपण बाळाला न्हाऊ-माखू घालतो, म्हाताऱ्याचे गुडघे रगडतो, त्या वाटेने.

म्हणून ‘पूजेसाठी’, ‘दिव्यासाठी’, ‘खाण्यास अयोग्य’ असे जिच्यावर छापलेले असते त्या बाटलीतील तेल देवाला वाहून उरले, तर ते गुडघ्याला लावू नये. जे जिभेवर ठेवण्याच्या लायकीचे नाही ते कातडीच्या लायकीचे असेलच, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

कातडी ही भिंत आहे, अशी आपली समजूत. वस्तुतः ती शिंगणापूरच्या घरासारखी आहे. चौकट आहे, आणि उंबऱ्याशी एक फळी टेकवलेली आहे. कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर, कागदाहूनही पातळ, ही ती फळी. पाण्याला आणि पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक द्रव्यांना ती थोपवते. तेलात विरघळणारे द्रव्य मात्र तिच्या फटीतून सहज आत जाते, आणि आपले घरगुती लेप जवळजवळ सगळे तेलातच कालवलेले असतात. शिवाय ही फळी सगळीकडे सारख्या जाडीची नाही. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवले, की एकच औषध हाताच्या पुढल्या भागातून जेवढे शोषले जाते त्याच्या सुमारे ६ पट कपाळातून, आणि अंडकोशाच्या कातडीतून सुमारे ४२ पट शोषले जाते. तान्ह्या मुलाचे वजन थोडे आणि वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक. तेव्हा त्याच्या अंगाला लावलेली चिमूट ही चिमूट राहात नाही. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या अंगाला लावायच्या एका पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून ६ टक्क्यांपर्यंत मिसळले गेले, आणि ३६ मुले मरण पावली. पावडर कोणी खाल्ली नव्हती.

आपल्या घरातही अशी द्रव्ये आहेत. सर्दीने दाटलेल्या बाळाच्या छातीला खोबरेल तेलात कालवलेला कापूर जास्त प्रमाणात चोळला, तर तो आत शिरून झटके आणू शकतो. अमेरिकेने कापराचे तेल १९८२ साली बाजारातून काढून टाकले ते त्यातून झालेल्या विषबाधांमुळे. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी, न धुता, न उन्हात घालता, तेल माखलेल्या नवजात बाळाला गुंडाळली, आणि त्या बाळात जन्मतः एका विकराची उणीव असली, तर नॅप्थलीनमुळे त्याच्या रक्तपेशी फुटून कडक कावीळ होते. दुपटी धुवावीत आणि दोन दिवस उन्हात टाकावीत, याहून सोपा उपाय नाही.

शेवटी ज्याच्याविषयी मला सर्वांत अधिक भय वाटते ते सांगतो. आपला शेतकरी पिकावर फवारायच्या विषाला ‘औषध’ म्हणतो. “औषध मारलं का?” असे विचारतो. शब्दाने द्रव्याचा धर्म बदलत नाही, पण माणसाचा हात मात्र शब्दाने सैल होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले, वीसाहून अधिक मरण पावले. त्यांनी ते ‘औषध’ प्यायले नव्हते. ते त्यांच्या भिजलेल्या सदऱ्यांतून, उघड्या पायांतून आणि श्वासातून आत गेले. आणि ज्या घरात हा डबा कोनाड्यात उभा असतो, त्याच घरात पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की “थोडं औषध चोळ” असे कोणीतरी सुचवते. कीटकनाशक डोक्याला चोळल्याने मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. डोक्याची कातडी मऊ, केसांच्या मुळांशी असंख्य वाटा, त्यात खाजवून झालेल्या जखमा, आणि वरून फडके घट्ट गुंडाळलेले. लाळ गळू लागते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि श्वासाचे स्नायू थकतात. उवांना फणी आहे, केस कापणे आहे, दवाखान्यात मिळणारे औषध आहे. मी विनवून सांगतो, त्या डब्याला घरात तरी औषध म्हणू नका.

परत येताना दुकानांच्या रांगेशी मी थांबलो. लिंबू-मिरचीच्या तारा ओवणारा एक पोरगा दाभणाने बिब्बा टोचत होता, आणि टोचलेल्या जागेवरचा काळा थेंब प्रत्येक वेळी पायजम्याला पुशीत होता. मी त्याला हात दाखवायला सांगितले. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी काळी पडून भेगाळली होती. “दुखतं का?” म्हणून विचारले तर म्हणाला, “खाजतं. रातीला लई खाजतं, काका.” काही लावतोस का, असे विचारल्यावर त्याने मान हलवली आणि म्हणाला, “आई रुईचा चीक लावते.”

बिब्बा, चीक किंवा फवारणीचे विष अंगाला लागले तर कपडे ताबडतोब उतरवावेत, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे, फोड फोडू नयेत, श्वासाला त्रास होत असेल, झटके येत असतील किंवा माणूस गुंगत असेल तर १०८ ला फोन करावा. दवाखान्यात डॉक्टर विचारतील, “काय खाल्लं होतं?” त्याचे उत्तर द्या, आणि त्यांनी विचारले नाही तरी काय लावले होते, कुठे आणि केव्हा लावले होते, तेही सांगा, घरच्या वडीलधाऱ्या माणसाने लावले असेल तर संकोच न धरता सांगा, आणि ती बाटली, पुडी किंवा तो बिब्बा फडक्यात बांधून बरोबर न्या.